तीन नंबरचं कव्हर

वैद्यबुवा आधी मशीनला हात लावत आणि मग प्रश्न विचारत. तळहात बाजूच्या पत्र्यावर सपाट ठेवायचा, मान जराशी तिरकी करायची, आतल्या पंख्याचा आवाज ऐकायचा, आणि मग तक्रार घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचं, "कधीपासून आहे?" हे बघूनच आमच्या आवक-जावकच्या बाईंनी त्यांचं नाव वैद्यबुवा ठेवलं. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'यंत्र दुरुस्ती साहाय्यक' असा होता, पण त्या हुद्द्याने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आमचं कार्यालय वजनमापं तपासण्याचं. दुकानदारांचे तराजू, वजनं, लिटरची मापं तपासून त्यांवर शिक्का मारायचा, चुकीचं असेल ते बाजूला काढायचं. वैद्यबुवा लागले ते तराजू दुरुस्त करायला. पुढे टंकयंत्रं आली ती त्यांनी उघडून बघितली. मग कॉम्प्युटर आले, तेही उघडून बघितले. कोणी शिकवलं नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक झालो. मला जे येतं ते सगळं कोणीतरी शिकवलेलं आहे, म्हणून न शिकवता ज्यांना येतं अशा माणसांचं मला आधीपासून अप्रूप.

अधीक्षक म्हणून सकाळी नऊला सर्वांत आधी येणं आणि संध्याकाळी साडेसहाला सर्वांत शेवटी निघणं हे माझं काम. निघताना दिवे, पंखे, नळ, खिडक्या बघायच्या आणि नोंदवहीत सही करायची. त्या नोंदवहीत माझ्या हातची एकही खाडाखोड नाही. याचा मला अभिमान होता, हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने सात जुन्या दप्तराच्या खोलीत गेले. निर्लेखन समिती बसेल, ते मोडीत काढायचा ठराव होईल, तोवर पडून राहायचे. त्या आठवड्यात वैद्यबुवा माझ्या टेबलाशी अर्ज घेऊन आले. साहेबांकडे जाणारा प्रत्येक अर्ज माझ्या हातून जातो. सात जुने कॉम्प्युटर समिती बसेपर्यंत चोवीस तास चालू ठेवायची परवानगी त्यांनी मागितली होती.

"कशाला?" मी विचारलं. "रिकाम्या खोलीत कोणासाठी चालवायचे?"

"गणितं सोडवायला."

"कोणाची?"

त्यांनी खुर्ची ओढली. दूरच्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञ एक अवाढव्य गणित घेऊन बसलेत, म्हणाले. त्यांच्याकडच्या मशीननी ते आयुष्यात सुटायचं नाही. म्हणून त्याचे लाखो तुकडे केलेत. ज्याचं मशीन रिकामं असेल त्याने आपण होऊन एक तुकडा मागून घ्यायचा, मशीनने तो सोडवायचा आणि मुदतीच्या आत परत पाठवायचा. पैसे नाहीत, नोकरी नाही. ज्याने सोडवला त्याच्या नावावर तो जमा होतो, एवढंच.

"आणि तुमच्या नावावर किती जमा झालेत?"

"माझ्या नाही. अक्काच्या."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. घरात ही दोघंच. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, तीस वर्षं लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. निवृत्त झाल्यावर तिला फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार लागला. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र आणि समोर वैद्यबुवांनी जोडून दिलेला एक जुना कॉम्प्युटर, एवढं तिचं जग. या गणितांचा शोध तिनेच लावला होता. छोटे तुकडे घरच्या मशीनला झेपत, पण ते भलत्याच विषयांचे असत. तिच्या आजारावरचे तुकडे लांबलचक, आणि घरच्या मशीनला तेवढी मेमरी नसल्यामुळे ते मिळतच नसत.

"तिला बरं होण्यासाठी नकोय ते," वैद्यबुवा म्हणाले. "ती म्हणते, मला नाही रे उपयोग व्हायचा. पण एक मोठा तुकडा माझ्या नावावर पुरा होऊ दे. म्हणजे मी नुसती पडून नव्हते, एवढं राहील."

अर्जावर मी माझा शेरा लिहिला, साहेबांनी सही केली. वैद्यबुवा मला जाता जाता एकच म्हणाले, "भाऊसाहेब, संध्याकाळी सगळं बंद करता, तेवढी ही सात बंद करू नका." मी नोंदवहीत नवी ओळ घातली: 'दप्तर खोली, सात संगणक, परवानगीने चालू.' ती सात मशीन मी एकदाही बंद केली नाहीत. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि त्याचा उपयोग शून्य आहे.

पहिले तीन आठवडे मजेत गेले. सातही मशीन छोटे तुकडे भराभर सोडवत होती. वैद्यबुवा दहाला येत, आधी दप्तर खोलीत जात, एकेकाला हात लावत. दुपारी चारला अक्काला फोन. आवक-जावकच्या बाई त्यांच्या शेजारी बसायच्या, त्यांना सगळं ऐकू जाई.

"आज काय म्हणतायत तुमची पोरं? पास का नापास?"

"पाच पास झाली, बाई."

"मग पेढे कुठायत?"

"पोरं परकी आहेत हो. पेढे त्यांच्या गावाला."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तो मोठा तुकडा आला. अक्काच्या आजारावरचा. वैद्यबुवांनी इतर मशीनमधली मेमरी काढून तीन नंबरच्या मशीनला बसवली होती, म्हणून ते त्याला लायक ठरलं. रात्रंदिवस चाललं तर वीस दिवसांचं काम, मुदत तीस दिवसांची. दिवसाला पाच टक्के. तीन तारखेला सकाळी दहा टक्के झाले, तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून पडदा दाखवला. निळी रेघ एक बोटभर पुढे सरकली होती.

"आता याला एकच वैरी," ते म्हणाले. "धूळ. या जुन्या फायलींची धूळ आत गेली की पंखा बसतो."

हे वाक्य मी घरी घेऊन गेलो. आमच्या घरात धुळीचा बंदोबस्त माझ्या सौभाग्यवतींकडे आहे. मिक्सरला कव्हर, रेडिओला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, आणि कव्हर जुनं होऊ नये म्हणून कव्हरालाही कव्हर, असं मी एकदा बोललो तेव्हा दोन दिवस अबोला झाला होता. तिने जुना जाड पडदा काढला, आतून प्लास्टिकचं अस्तर लावलं आणि सात कव्हरं शिवली. मागे बांधायला नाड्या. "माप बरोबर आणलंत ना? नाहीतर वजनमापवाल्यांचंच माप चुकायचं," म्हणाली. माप बरोबर होतं. पायापर्यंत येत होतं.

चार तारखेला संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सातही मशीनना कव्हरं घातली, नाड्या बांधल्या. आमच्या पिढीने टंकयंत्रावर कव्हर घातल्याशिवाय कधी घरची वाट धरली नाही. सकाळी नऊला आलो की कव्हरं काढायची, घड्या घालायच्या आणि माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. दहाला वैद्यबुवा येत तेव्हा मशीन उघडी आणि स्वच्छ. मी त्यांना सांगितलं नाही. काही चांगलं करावं आणि बोलू नये, त्यात एक सुख असतं, ते मी घेत होतो.

मशीन आत तापतं, गरम हवा मागून बाहेर टाकतं, ती जायला वाट नसेल तर जळू नये म्हणून स्वतःच चाल मंद करतं, हे मला माहीत नव्हतं. टंकयंत्र तापत नाही.

पाच तारखेपासून वैद्यबुवांच्या कपाळावर आठी दिसू लागली. रात्रभरात तीन टक्के व्हायला हवे तिथे जेमतेम अर्धा होत होता. त्यांनी सातही मशीन उघडून हवेच्या फवाऱ्याने साफ केली. धूळ नव्हतीच. "कमाल आहे," म्हणाले, "एवढ्या जुन्या खोलीत इतकी स्वच्छ मशीन मी पाहिली नाहीत." मी मनातल्या मनात खूश झालो. मग त्यांनी मुख्य चिपची उष्णता ओढून घेणारी, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. रात्री आपोआप सुरू होणारी विषाणूंची तपासणी बंद केली. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून बसवल्या. रात्री विजेचा दाब कमी होत असेल म्हणून बाकीची सहा मशीन बंद केली आणि सगळी वीज तीन नंबरला दिली. दिवसा मशीन घोड्यासारखं पळे, रात्री बैल होई.

रोज सकाळी ते तळहात पत्र्यावर ठेवत. "ताप नाही," म्हणत. कव्हर काढून तेव्हा तासभर झालेला असे.

दहा तारखेला ते माझ्या टेबलाशी आले. साहेब समोरच बसून सह्या करत होते.

"भाऊसाहेब, एक विचारू? माझ्यामागे त्या खोलीत कोणी जातं का?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "किल्ली माझ्या खिशात असते."

साहेबांनी मान वर केली. "अधीक्षकांच्या कुलपावर संशय घेताय होय, वैद्यबुवा?"

"छे छे, साहेब. नुसतं विचारलं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला कव्हरं आठवलीसुद्धा नाहीत. ते कोणी चावटपणा करतंय का असं विचारतायत, असं मी समजलो. स्वतःला कोणी 'कोणी' म्हणून मोजत नाही.

त्या आठवड्यातल्या रविवारी मी अक्काला बघायला गेलो. दोन खोल्या, खिडकीपाशी पलंग, नाकाला नळी. पण आवाज असा खणखणीत, की फोनवर 'नंबर प्लीज' ऐकल्यासारखं वाटावं. मध्ये मध्ये दम घ्यायला थांबे तेवढंच.

"या भाऊसाहेब. बाळ्या, खुर्ची पुस आधी. मशीन पुसतोस, खुर्च्या कोण पुसणार?"

वैद्यबुवांना बाळ्या म्हणणारं माणूस जगात आहे, याची मला गंमत वाटली. तिने उशाखालची वही काढून मला दाखवली. रोजची तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा. अक्षर माझ्यापेक्षा नेटकं.

"हे बघा. दिवसा दोन, रात्री अर्धा. दिवसा दोन, रात्री अर्धा. रविवारी तर काहीच नाही. आमच्या एक्सचेंजमध्ये असं झालं ना, तर आम्ही लाइनीला दोष देत नव्हतो. रात्रपाळीला कोण आहे ते बघायचो. हमखास कोणीतरी हेडफोन काढून झोपलेलं असायचं."

"अक्का, मशीन झोपत नाही गं," वैद्यबुवा हसले.

"मशीन नाही झोपत. पण कोणीतरी झोपवत असेल."

तेव्हाही मी हसलो. त्यांच्याबरोबर चहा प्यालो. त्या बाईने पलंगावरून न हलता रोगाचं नाव सांगितलं होतं आणि रोग समोरच्या खुर्चीवर बसून बिस्किट खात होता.

पंधरा तारखेला वैद्यबुवांनी शेवटचा उपाय केला. गणितं सोडवणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये मशीनने किती जोर लावायचा ते ठरवता येतं. त्यांनी तो शंभरावरून सत्तर टक्क्यांवर आणला. मशीन वयामुळे थकतंय, असं त्यांचं निदान झालं होतं. "म्हाताऱ्या माणसाला जिना एका दमात चढायला लावायचा नाही," म्हणाले.

सोळा तारखेला संध्याकाळी तीन नंबरच्या कव्हराची एक नाडी तुटली. ते मी शिवून आणायला घरी नेलं. सौभाग्यवतींनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कशावर घालता तुम्ही? इस्त्रीवर?"

आतलं प्लास्टिक मागच्या बाजूला सुरकुतून पिवळं पडलं होतं. एका ठिकाणी वितळून कापडाला चिकटलं होतं. बरोबर त्या जागी, जिथे मशीनच्या मागच्या पंख्याची जाळी येते.

"बंद मशीनवर घालता ना?"

मी तुटलेली नाडी बोटाला गुंडाळत राहिलो.

"अहो, चालू मशीनवर? तोंडावर उशी दाबल्यासारखं झालं असेल की त्या बिचाऱ्याचं."

सतरा तारखेला ते कव्हर बरोबर घेऊन मी नऊला पोचलो तो वैद्यबुवांची वाट बघत बसलो. वाक्य तयार केलं होतं. दहाला ते आले, सरळ दप्तर खोलीत गेले, आणि दोन मिनिटांनी जवळजवळ धावत बाहेर आले. साठीला टेकलेला माणूस धावताना मी पहिल्यांदा पाहिला.

"भाऊसाहेब! बाई! रात्रीत दोन टक्के! सत्तरवर आणलं आणि बघा! दमलं होतं हो ते, नुसतं दमलं होतं!"

आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "बघा, शेवटी वैद्यच तो. नाडी सापडली."

चार वाजेपर्यंत कोणी थांबणार होतं? त्यांनी तिथूनच अक्काला फोन लावला. त्यांचा चेहरा बघून मी ठरवलं, दुपारी सांगू. दुपारी साहेबांची बैठक निघाली. संध्याकाळी मी ठरवलं, आता सांगून काय फरक पडणार, कव्हर तर आपण घालणंच बंद केलंय. उरलेली सहा कव्हरं आणि ते एक, अशी सातही मी पिशवीत भरून कपाटाच्या तळाशी ढकलली. साहेबांसमोर 'कोणी नाही' म्हणालो होतो. ते आता खोडावं लागलं असतं.

पण फरक पडणार होता. सोळा तारखेच्या रात्री मशीन पंचेचाळीस टक्क्यांवर होतं. पूर्ण जोराने चाललं असतं तर अकरा दिवसांत, म्हणजे सत्तावीस तारखेला काम पुरं झालं असतं. सत्तर टक्के जोराने दिवसाला साडेतीन टक्के. तीस तारखेला चौऱ्याण्णव. हा हिशेब मी कागदावर केला आणि कागद फाडून टाकला.

तोच हिशेब अक्कानेही केला होता. वीस तारखेला वैद्यबुवा माझ्याकडे आले. खुर्ची ओढून बसले, बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"अक्का म्हणते, चौऱ्याण्णवला अडकेल. वाढव जोर. आता शंभरवर नेलं तर मुदतीत बसतं. पण नेलं आणि पुन्हा बसलं तर? एकदा बिघडून काम रद्द झालं की सगळे टक्के गेले, पुन्हा शून्य. सत्तरवर ठेवलं तर दोन दिवस उशीर होईल. उशिरा आलेलंही कधी कधी घेतात म्हणे ते लोक, एकच तुकडा दोघांना देतात ना, तोवर दुसऱ्याने दिला नसेल तर." त्यांनी पेपरवेट थांबवला. "भाऊसाहेब, तुम्ही सबुरीचे माणूस. नेऊ का शंभरवर?"

मशीन निरोगी आहे हे जगात दोन माणसांना माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला. 'न्या' एवढं एक अक्षर पुरलं असतं. पण 'न्या' म्हटलं की त्यांनी विचारलं असतं, कशावरून? आणि मग मला सगळंच सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "चालतंय ना? मग चालत्या कामाला हात लावू नका."

त्यांनी मान हलवली. सल्ला पटला असं नाही, पण अधीक्षकाचा सल्ला होता. पेपरवेट जागेवर ठेवून ते गेले.

तीस तारखेला संध्याकाळी चौऱ्याण्णव झाले. त्या दिवशी निघताना दप्तर खोलीच्या दारात मी जरा जास्त वेळ थांबलो. तीन नंबर उघडं, पंखा एका सुरात फिरतोय. उघडं मशीन मागे ठेवून निघायची मला इतक्या दिवसांतही सवय झाली नव्हती.

एक तारखेला सकाळी वैद्यबुवा खोलीत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. मी आत गेलो. ते पडद्यासमोर उभे होते. निळी रेघ नव्हती. तिच्या जागी एक ओळ होती, की मुदत संपल्यामुळे काम केंद्राने परत घेतलं आहे. तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनने आधीच पुरा करून दिला होता. तुकडा वाया गेला नाही, ज्यांना तो हवा होता त्यांना मिळाला. फक्त अक्काच्या नावावर नाही.

तळहात अजून पत्र्यावरच होता. "ताप नाही," असं काहीतरी पुटपुटले.

त्या दिवशी फोन चारलाच केला, आधी नाही. बाईंनी मुद्दाम टेबल सोडलं. मी मात्र फाइल उघडून बसून राहिलो.

"अक्का, गेलं गं." मग बराच वेळ ते ऐकत होते. "हो... हो... नाही ओढत."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "ती म्हणते, जुनी झाली रे ती, माझ्यासारखी. उगाच ओढू नकोस त्यांना. निजू दे."

संध्याकाळी तीन नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. पुढच्या आठवड्यात समिती बसली, टेम्पो आला, सात मशीन गेली. सामान टेम्पोत चढवायला मदत करायला बाई आणि मी खाली होतो. वैद्यबुवा वर तराजूंच्या खोलीत होते, तसं काही काम नसताना.

अक्का त्यानंतर अडीच महिन्यांनी गेली. कामावर परत आल्यावर वैद्यबुवांच्यात एक बदल झाला, तो बहुतेकांच्या लक्षात आला नसेल. त्यांनी मशीनला हात लावणं सोडलं. कोणाचा कॉम्प्युटर अडला की लांबूनच बघत आणि म्हणत, "कंपनीच्या माणसाला बोलवा. मला नाही कळत त्यातलं." बाईंनी एकदा विचारलं, "का हो वैद्यबुवा, दवाखाना बंद केलात?" तर म्हणाले, "निदान चुकायला लागलं की बंद करावा." या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या कौशल्याबद्दल चार वाक्यं बोललो. चारही खरी होती, आणि मला खाली बसताना लाज वाटत होती.

पुढच्या वर्षी मीही निवृत्त होईन. कपाट रिकामं करायला घेतलं तेव्हा तळाशी ती पिशवी निघाली. एका रविवारी दुपारी ती घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

पलंग काढला होता. कॉम्प्युटर होता तिथेच होता, बंद. खुर्ची त्यांनी न सांगता पुसली. मी तीन नंबरचं कव्हर काढून त्यांच्या हातात दिलं आणि जे घडलं ते सांगितलं. वाक्य तयार करून नेलं होतं, पण ते अर्ध्यात संपलं.

त्यांनी कव्हर उलटं केलं. सुरकुतलेल्या प्लास्टिकवर तळहात ठेवला.

"किती वाजता घालत होतात?"

"साडेसहाला."

"काढत होतात?"

"नऊला."

"साडेचौदा तास." त्यांनी डोळे मिटले. "शनिवारचं?"

"सोमवारी सकाळी काढायचो."

"म्हणून रविवारी काही नाही." त्यांनी अंगठ्याने एक सुरकुती दाबली. "म्हणजे पेस्ट बरोबर लागली होती."

"हो."

"मेमरीही बरोबर होती. दाबही." ते एकेक मोजत होते आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळल्यासारखा झाला. मग त्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला कळलं कधी?"

सगळ्यात हा प्रश्न मला नको होता.

"सोळा तारखेला."

"मी वीस तारखेला विचारलं होतं तुम्हाला. शंभरवर नेऊ का म्हणून."

"हो."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, खिडकीशी गेले, जिथे पलंगाचे पाय टेकत तिथे फरशीवर चार फिकट डाग होते, त्यांच्या मधोमध उभे राहिले.

"तुकड्याचं काही नाही हो. दुसऱ्याने केला ना. पण ती म्हणाली ना, जुनी झाली माझ्यासारखी. आणि मी हो म्हणालो." त्यांनी नाक पुसलं. "मशीन जुनं नव्हतं झालं. एवढंच तिला सांगायला मिळालं असतं तर."

माफी मी मागितली होती की नाही, हेही मला आता नक्की आठवत नाही. तोंडातून काहीतरी निघालं आणि त्यांनी हाताने 'असू दे' अशी खूण केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी निघायला उठलो तेव्हा ते अक्काच्या कॉम्प्युटरपाशी होते. त्यांनी तारेचं टोक भिंतीतून सुटलेलं आहे ना, ते बघितलं. मग ते कव्हर सुलटं करून मशीनवर घातलं, खाली ओढून नीट केलं. एक नाडी तुटलेली होती, ती शिवायची राहूनच गेली होती. दुसरी त्यांनी टेबलाच्या कडेच्या खिळ्याला गुंडाळली.

"बंद मशीनवर चालतं," म्हणाले.